अभिषेकाची बातमी करू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. उमेदवाराने कौपीनेश्वराला अभिषेक केला, मुहूर्त गाठून अर्ज भरला, त्यावरचा तुझा मजकूर वाचला. राग समजला, पण बातमी तिथे नाही. घटनेचं धर्मस्वातंत्र्य देणारं 25वं कलम तुझ्याइतकंच त्यालाही आहे. अर्ज राहूकाळ टाळून भरला म्हणून ठाणेकरांचं काहीही बिघडत नाही.

देवाच्या नावाने मत मागितलं की मात्र कान टवकार. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 123(3) पाठ करून ठेव: धर्माच्या नावाने मत मागणं हा त्यात भ्रष्ट आचार ठरतो. त्यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी दिला. खटला मूळचा सांताक्रूझचा, 1990 च्या निवडणुकीतला. वेगळं मत देणाऱ्या तिघांनाही वाच. जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे ज्यांनी अन्याय सोसला त्यांनी तो प्रचारात मांडायचाच नाही का, हा त्यांचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो.

मला खरी चीड येते ती माहीत असून फिरवलेल्या जिभेची. विसर्जनाचंच घे. मूर्तींचं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, हा भाजून पाणी उडवलेला जिप्सम. एकदा घट्ट झाला की तो शाडूसारखा पाण्यात विरत नाही. सोंड, हात, मुकुट तळाशी तसेच पडून राहतात, वर रंगांचा थर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्येच पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या ठाण्यात तर किती घरं वर्षानुवर्षं कृत्रिम तलावावर आरती म्हणून, डोळे पुसून बाप्पाला निरोप देतात. त्यांची श्रद्धा कुठे उणी पडली? चहा पिताना नेते हे सगळं मान्य करतात. गणेशोत्सव मंडळाच्या मंचावर चढले की ‘निर्बंध आपल्याच सणांना का?’ सुरू. चहावरच्या गप्पा छापू नकोस, ते विश्वासाने बोललेलं असतं. तोच प्रश्न माइक पुढे धरून विचार आणि उत्तर शब्दशः लिही.

जादूटोणाविरोधी कायद्याचंही हेच झालं. वर्षानुवर्षं तो रखडला, कारण पूजाअर्चेवर गदा येईल अशी हाकाटी होती. 20 ऑगस्ट 2013 ला त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे चार दिवसांत वटहुकूम निघाला. कायदा उघडून बघ: प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यात हात लावलेला नाही. आजही कुणी मंचावरून त्याला धर्मविरोधी म्हणालं, तर कोणतं कलम, एवढंच विचार.

आणि विज्ञानाचा झेंडा मिरवणाऱ्यांनाही सोडू नकोस. वैज्ञानिक दृष्टिकोन हे 1976 पासून घटनेतलं मूलभूत कर्तव्य आहे, पण वारकऱ्याची टिंगल केली म्हणजे ते पार पडत नाही. अशा उमेदवाराला त्याच्या प्रभागात डेंग्यूचे किती रुग्ण सापडले ते विचार. आकडा तोंडपाठ नसला तरी चालेल. तो कुठून मिळतो, हे तरी त्याला ठाऊक असावं.

कळव्याच्या सभेला जाशील तेव्हा रात्री दहानंतर भोंगा चालू राहतो का, तेही टिपून ठेव, सभा कोणत्याही पक्षाची असो. मजकूर छापायला देण्याआधी मला पाठव. रात्री उशीर झाला तरी मी जागा असेन.

तुझा,
काका