केस रंगवले म्हणून खेळ खोटा होत नाही

तुम्ही विचारलंय, अमेरिकेत गावोगाव फिरून पुरुषांशी खेळणारे बायकांचे व्यावसायिक बास्केटबॉल संघ खरंच खेळायचे, की तो नुसता तमाशा होता?

खरंच खेळायचे. १९३६ साली मिझुरीतल्या कॅसव्हिलमध्ये सी. एम. ओल्सनने ‘ऑल अमेरिकन रेड हेड्स’ हा संघ काढला. त्याच्या बायकोची ब्यूटी पार्लरं होती, म्हणून मेंदीने लाल केलेले केस ही संघाची ओळख झाली. पण सामना गावातल्या पुरुषांशी, पुरुषांच्याच नियमांनी. तेव्हा तिथल्या बायकांच्या खेळात एका संघात सहा जणी आणि धावायला अर्धंच कोर्ट असे. या पाच जणी पूर्ण कोर्टभर धावायच्या, गाडीत दाटीवाटीने बसून पुढचं गाव गाठायच्या. पुढे तर हंगामात दोनशेच्या आसपास सामने होऊ लागले. मध्येमध्ये गमतीजमतीही करायच्या, तिकिटं त्यावर खपायची. जिंकायच्याही भरपूर.

‘तमाशा’ हा शब्द मला लागला, म्हणून लिहायला बसले. १९९४ साली नागपुरात आमच्या कॉलनीच्या गणपतीत फ्री थ्रोची, म्हणजे ठरावीक रेषेवरून कुणी न अडवता चेंडू रिंगमध्ये टाकायची स्पर्धा होती. मुलांचं झाल्यावर माइकवरून पुकारलं, “आता जरा करमणूक म्हणून मुली!” मी दहातले नऊ टाकले. जिंकलेल्या मुलाचे सात होते. कप त्याला मिळाला आणि मला स्टीलचा डबा, कारण आमचं म्हणे ‘प्रदर्शनीय’ होतं. घरी दादा म्हणाला, “अगं, कौतुकच केलं ना तुझं?” यावरून आमचं अजून वाजतं. खेळात दम असता तर रेड हेड्सना केस कशाला रंगवावे लागले असते, असं तो परवाही म्हणाला.

दादा, हेझल वॉकरचं काय मग? रेड हेड्सकडून खेळून तिने १९४९ मध्ये स्वतःचा ‘आर्कन्सा ट्रॅव्हलर्स’ संघ काढला. मालकीणही तीच, खेळाडूही तीच, १९६५ पर्यंत. मध्यंतरात गावातल्या पुरुषांना ती फ्री थ्रोचं आव्हान द्यायची आणि उभ्याने झाले की गुडघे टेकून टाकायची. केस लोकांना दारापर्यंत आणत असतील, चेंडू रिंगमधून जातो तो हातामुळे.

एक मात्र खरं, ही संधी सगळ्यांना नव्हती. त्याच तीसच्या दशकात ओरा वॉशिंग्टनसारखी जबरदस्त खेळाडू ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या, काळ्या मुलींच्या वेगळ्या संघातून खेळत होती. रेड हेड्स १९८६ पर्यंत टिकल्या आणि २०१२ मध्ये अख्खा संघ नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला.

शंका उरली असेल तर फ्री थ्रो लाइनवर गुडघे टेका आणि दहा टाकून बघा. मी गेल्या रविवारी टाकले, चार गेले. दादालाही मैदानावर बोलावलंय, अजून आलेला नाही.