संदर्भ कळत नसतील, तर ‘द सिम्पसन्स’ पाहण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, अमेरिकी चित्रपटांचे संदर्भ कळत नाहीत आणि पात्रांच्या वयाचा हिशोब जुळत नाही, तर ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी कार्टून मालिका पाहण्यात अर्थ आहे का. अर्थ आहे. हाच प्रश्न माझ्या मुंबईच्या आतेभावाने एका गणेशोत्सवात वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी सगळ्यांदेखत मला विचारला होता. त्याचा सूर मात्र आपल्याइतका निरागस नव्हता.

दूरचित्रवाणीवर १९९३ सालचा ‘रोझबड’ हा भाग लागला होता. हयातभर माणसे पिळून काढणारा, अणुवीज केंद्राचा मालक असलेला म्हातारा बर्न्स लहानपणी हरवलेल्या बोबो नावाच्या खेळण्यातल्या अस्वलासाठी झुरतो, हे पाहून मी हसत होतो. त्यावर तो म्हणाला, “हे ‘सिटिझन केन’चं विडंबन आहे. तू तो पाहिलेलाच नाहीस, मग हसतोस कशाला?” पुढे १९४१ सालचा तो चित्रपट मी हट्टाने मिळवून पाहिला. त्या भागातला बर्फाचा काचगोळा आणि बर्न्सने पुटपुटलेला तो एक शब्द कोठून आले, हे उमगले आणि बरेही वाटले. परंतु बर्न्स त्यामुळे तसूभरही अधिक विनोदी झाला नाही. मूळ कृती ठाऊक असल्याखेरीज ज्यावर हसूच येत नाही, तो विनोद कच्चा होय. जत्रेतल्या दशावतारात संकासुर गावच्या एखाद्या असामीला चिमटा काढतो, तेव्हा परगावचा पाहुणाही पोट धरून हसतो. ती असामी कोण, याची परीक्षा त्याला कोणी द्यायला लावत नाही.

वयांबाबतही आतेभावाचा आक्षेप ठरलेला असे. १९९१ सालच्या एका भागात होमर आणि मार्ज हे सिम्पसन दांपत्य १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात दाखवले आहेत, तर २००८ सालच्या भागात त्यांचे तारुण्य थेट १९९० च्या दशकात आणून ठेवले आहे. त्यांचा मुलगा बार्ट याला कायम दहा वर्षांचा ठेवायचे, तर आईबापांचे तारुण्य पुढे सरकवण्यावाचून लेखकांना गत्यंतरच नाही. खरी चूक पाहायची असेल, तर १९९० सालच्या एका भागात बर्न्सचा सहायक स्मिदर्स याचा चेहरा चुकून सावळा रंगवला गेला, तो पाहावा. शिवाय १९९७ सालच्या पूची नावाच्या कार्टून कुत्र्याच्या भागात एक चाहता विचारतो की, एका कार्टूनमध्ये सांगाड्याच्या एकाच बरगडीवर दोनदा ठोकूनही दोन वेगळे सूर कसे निघाले. असली मोजदाद करणाऱ्यांची टर मालिकेने तेव्हाच उडवून ठेवली आहे, आणि तो भाग मी आतेभावाला आवर्जून दाखवला.

अर्थात, १९९७ सालीच दुसऱ्या एका भागात बार्टच्या शाळेचा मुख्याध्यापक स्किनर हा तोतया असल्याचे दाखवून, शेवटी न्यायाधीशाकरवी या प्रकाराचा उच्चारही करण्यास बंदी घातली गेली, ते मलाही पटलेले नाही. तेथे आतेभावाचे म्हणणे मान्य करावे लागते.

आपण तिसऱ्या ते आठव्या सीझनपर्यंतचे भाग आधी पाहावेत. शेजारी बसून कोणी प्रत्येक दृश्याचा उगम सांगू लागल्यास त्याला खुशाल चहा टाकायला पाठवावे.