गोव्यात घाट आणि समुद्र अशी बाइक ट्रिप करायची आहे; गाइडबरोबरची टूर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघं पुण्याहून येणार, गाडी इथेच भाड्याने घेणार, हाताशी तीन दिवस आणि घाटाचा अनुभव ताम्हिणीपुरता. मग टूर घ्या, असंच सांगेन. फक्त पुढे कोण असणार हे विचारण्याऐवजी सगळ्यात मागे कोण असणार ते विचारा.

मी साखळीचा. ओळखीच्या एका टूरवाल्याबरोबर दोन सीझन शनिवार-रविवारी जायचो, बहुतेक वेळा शेपटाला. पुढचा गडी सगळ्यांच्या फोटोत असतो. शेवटची गाडी कुणाच्या लक्षातही राहत नाही, पण पंक्चर, वळणावर घाबरून थांबलेला माणूस, हरवलेला हातमोजा, सगळं तिच्याच वाट्याला येतं. एका रविवारी मी पुढच्या घोळक्यात होतो आणि मागचा मुलगा आलाच नाही. टूरवाला म्हणाला, दहाच तर गाड्या आहेत, चालून जाईल.

भेटायचं होतं केरीच्या अंजुणे धरणावर. नऊ गाड्या पोचल्या. दहावीवरचं सांगलीचं जोडपं साखळीच्या बाजारात भाजीपाव खायला रेंगाळलेलं. मी आणि ग्रुपमधला आणखी एक जण त्यांना शोधत, घाटात वरपर्यंत दऱ्या बघत गेलो. खोटं कशाला सांगू, पोटात गोळा आला होता. रेंजची बोंब. दीड तासाने फोन लागला तेव्हा पलीकडून आवाज आला, "दादा, धरण कुठे आहे? इथे तर समुद्र आहे!" पठ्ठ्याने फोनमध्ये नुसतं 'केरी' टाकलं होतं. गोव्यात केरी तीन आहेत: एक सत्तरीतली, चोर्ला घाटाच्या पायथ्याची, दुसरी पेडण्यातली, तेरेखोल नदीच्या मुखाशी, तिसरी फोंड्यातली, विजयादुर्गेच्या देवळाची. नकाशाने त्यांना पेडण्याला नेऊन सोडलं. त्यांचा दिवस मजेत गेला म्हणा, फेरीबोटीने तेरेखोलचा किल्लाही बघून आले. दिवस वाया गेला तो धरणावर उन्हात बसलेल्यांचा.

आता रस्त्याचं. घाट आणि समुद्र एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर हवे असतील तर दक्षिणेला काणकोणकडे जा. उत्तरेत सह्याद्री आत राहतो, पण काणकोणात त्याच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत उतरतात. मडगावहून असोळणे, साळ नदी ओलांडून बेतूल. तिथे जेटीवर होड्या आणि सुक्या मासळीचा वास. मग रस्ता एकदम सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. झाडं संपतात, जांभा दगड, सुकलेलं गवत, आणि एखाद्या वळणावर उजवीकडे खाली समुद्र. काब द रामचा किल्ला याच वाटेवर. पोर्तुगीजांनी तो १७६३ मध्ये सौंदेकर राजाकडून घेतला. आत आज एक चर्च आहे, तटावर जुन्या तोफा. मला विचाराल तर किल्ल्यात अर्धा तास पुरे, खरी मौज त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या रस्त्यात आहे. खोला गावची लाल मिरची कुणी दारात वाळत घातलेली दिसली तर विकत मिळते का विचारून बघा. तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. पुढे आगोंद, मग पाळोळे.

चोर्ल्याला वेगळा दिवस द्या. साखळीला टाकी भरून निघा. घाट चढून गेलात की चोर्ला गाव कर्नाटकात, खानापूर तालुक्यात लागतं, म्हणून भाड्याची गाडी हद्दीपार नेलेली चालते का ते मालकाला आधीच विचारा. थोडं पुढे कणकुंबी. तिथे मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जाते. इकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र मांडवीतून अरबी समुद्रात. मी प्रत्येक ग्रुपला हे सांगायचो, बहुतेकांचं लक्ष चहात असायचं.

गाडीबद्दल एक गोष्ट गाइडलाही विचारू नका, स्वतः बघा. पाटी काळी आणि आकडे पिवळे असतील तरच ती भाड्याची कायदेशीर गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याच्या नावाने शंख. आणि दोघं बसणार असाल तर घाटासाठी स्कूटर नको. तिला गिअर नाहीत, त्यामुळे उतारावर इंजिनाचा आधार जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की आधी जळका वास येतो, मग लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर जुना नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून घरंगळत जाऊ नका. वळणाआधी हॉर्न, वळणात डावी बाजू, आणि ब्रेक वळण सुरू व्हायच्या आत.

पावसाळ्यात चोर्ला सगळ्यात देखणा, धबधबे रस्त्यालगत येतात. पण धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. नवख्यांना मी पाऊस सरल्यावरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस सांगतो: डोंगर हिरवा असतो, रस्ता कोरडा. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर सत्तरीभर काजूच्या बोंडूंचा घमघमाट असतो आणि कुणीतरी हुर्राक, म्हणजे त्याच बोंडूंची दारू, पुढे करणारच. मुक्कामाला पोचल्यावर घ्या. चांगला गाइड दुपारी स्वतः थेंबभरही घेत नाही. मी ज्यांच्याबरोबर फिरलो त्यातला एक घ्यायचा, आणि त्याच्या मागे जाणं मी बंद केलं.

काणकोणहून परतताना मडगावकडचा सरळ हमरस्ता करमल घाटातून येतो. दाट झाडी, एकामागून एक वळणं, आणि समोरून ट्रक. तिथे बरेच अपघात होतात, म्हणून पाळोळ्याचा सूर्यास्त बघायचाच असेल तर त्या रात्री तिथेच खोली घ्या.