स्विस नावाची भाषाच नाही, मग स्विस लोक स्वतःला एक राष्ट्र का मानतात?

कारण त्यांना भाषेने नव्हे, तर 1848 च्या राज्यघटनेने आणि वर्षातून अनेकदा होणाऱ्या सार्वमतांनी बांधून ठेवलंय. आजच्या घटनेचं कलम 4 जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा मानतं. नोटांवर चारही दिसतात. नाण्यांवर मात्र देशाचं नाव लॅटिनमध्ये, म्हणजे कुणाची कुरकुर नको! शाळा, पोलीस, बराचसा कर 26 कॅन्टनांच्या, म्हणजे आपल्या राज्यांसारख्या घटकांच्या हाती. 1 लाख सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदानाला. अर्थात सगळं आलबेल नाही: 1992 मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायला फ्रेंच भाषक भागाने ठाम होकार दिला, बहुतेक जर्मन भाषक कॅन्टनांनी नकार, आणि एकूण मतांत प्रस्ताव निसटत्या फरकाने पडला.