वाचकांचे प्रश्न : कोविडमधली एचआरसीटी (छातीचा बारीक तपशिलाचा सीटी स्कॅन), स्कोर आणि आपण (मे २०२१)

डॉक्टर, माझ्या वडिलांना कालपासून ताप आहे, वय ६१, शुगरची गोळी चालू आहे. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागतील म्हणतात. शेजारचे काका म्हणतात डायरेक्ट छातीचा सीटी काढा, तासाभरात कळतं. काढू का? – एक वाचक, बार्शी

आज नको. ताप येऊन एकच दिवस झालाय, आणि पहिल्या दोन दिवसांत कोविडच्या साधारण निम्म्या पेशंटचा सीटी नॉर्मल येतो. तसा आला की घरात सगळे सुटलो म्हणतात, वडील परत सगळ्यांच्यात बसून जेवतात, आणि मग सहाव्या दिवशी दम लागायला लागतो, हे २०२१ च्या लाटेत इतकं चाललं की काय सांगू. जवळपास अँटिजेन टेस्ट होत असेल तर ती आजच करा, पॉझिटिव्ह आली तर प्रश्नच मिटला, निगेटिव्ह आली तरी आरटीपीसीआर येईपर्यंत कोविडच आहे असं धरून वेगळ्या खोलीत ठेवा.

हे "सीटीत लगेच कळतं" कुठून आलं तर चीनमधून. फेब्रुवारी २०२० मध्ये हुबेई प्रांतात टेस्ट किट पुरत नव्हते, म्हणून सीटीत न्यूमोनिया दिसला की पेशंट मोजायचा असं ठरलं आणि एका दिवसात आकडा जवळपास १५ हजारांनी वाढला. त्याच महिन्यात वुहानच्या १,०१४ पेशंटचा अभ्यास आला, टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्या ९७ टक्क्यांच्या सीटीत बदल दिसले. हा आकडा सगळीकडे फिरला. पण टेस्ट निगेटिव्ह होती त्यांच्यातल्याही ७५ टक्क्यांच्या सीटीत बदल होते, ते कोणी फॉरवर्ड केलं नाही. त्यातल्या काहींना खरंच कोविड असेलही, पण दुसऱ्या व्हायरल न्यूमोनियातही असंच चित्र येतं.

सीटीचा खरा उपयोग कधी, तर टेस्ट निगेटिव्ह येतेय आणि तरी ताप हटत नाही, ऑक्सिजन खाली येतोय तेव्हा. तिथे मात्र वेळ घालवू नका.

मिस्टरांचा आज सहावा दिवस. रिपोर्टमध्ये कोरॅड्स ५ आणि स्कोर ११/२५ आलाय. ऑक्सिजन ९७ आहे, खोकला थोडा आहे. सासूबाई रिपोर्ट बघून रडतायत की निम्मी फुफ्फुसं गेली. आम्ही रेमडेसिवीरचं इंजेक्शन शोधतोय, मिळत नाहीये. – एक वाचक, नाशिक

आधी सासूबाईंना सांगा, निम्मी फुफ्फुसं गेलेली नाहीत. फुफ्फुसाचे पाच भाग असतात, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येकाला ० ते ५ गुण. पाच टक्क्यांपेक्षा कमी भाग धुरकट असला तरी १ गुण मिळतो, ५ ते २५ टक्क्यांना २, निम्म्याच्या आतपर्यंत ३, पाऊणपर्यंत ४, त्याच्या वर ५. म्हणजे पाचही भागांत दहा-दहा टक्के डाग असले तरी स्कोर १० होतो, आणि नव्वद टक्के फुफ्फुस मोकळं असतं! ११/२५ ही काय परीक्षा नाही की ४४ टक्के पडले.

कोरॅड्स ही वेगळीच भानगड आहे. ती नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्टांनी काढलेली मोजपट्टी, चित्र कोविडसारखं किती दिसतं एवढंच सांगते. ५ म्हणजे अगदी कोविडसारखं. आजार किती जोरात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, कोरॅड्स ५ आणि स्कोर ३ असा रिपोर्टही येतो.

आता पुढे काय होईल याबद्दल. स्कोर मोठा म्हणजे धोका जास्त हे मोठ्या गटात खरं आहे, १८-२० वाल्यांना ऑक्सिजन आणि आयसीयू जास्त लागतं. पण तो आकडा कितव्या दिवशीचा हे बघावंच लागतं. डाग साधारण दहाव्या दिवसापर्यंत वाढतात आणि मग हळूहळू विरतात, त्यामुळे चौथ्या दिवशीचा ९ मला अकराव्या दिवशीच्या १३ पेक्षा जास्त काळजीचा वाटतो. आणि साध्या एचआरसीटीत रक्ताची गुठळी दिसत नाही, त्याला कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्याने रक्तवाहिन्या उठून दिसतात) देऊन वेगळा सीटी लागतो, म्हणून स्कोर कमी असून अचानक दम वाढला तर स्कोरवर विसंबू नका.

तुमच्याकडे ऑक्सिमीटर आहे ना, दिवसातून चार वेळा आकडा तारखेसकट वहीत लिहा. सहा मिनिटं खोलीत चालायला लावा, चालून ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला तर लगेच हॉस्पिटल. श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त झाले तरी तेच. २०२१ च्या सूचनांप्रमाणे रेमडेसिवीर ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी होतं, ९७ वाल्याला शोधत फिरू नका, गावभर फिरून घरातल्या दुसऱ्याला लागण व्हायची.

आणि नुसता स्कोर बघून कोणी स्टेरॉइड सुरू करायला सांगितलं तर दोनदा विचारा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांत दिसलाय, न लागणाऱ्यांत नाही, उलट शुगर चढते आणि २०२१ च्या लाटेत म्युकरचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) पेशंट कसे वाढले ते तुम्ही बातम्यांत बघितलंच आहे. स्कोरच्या धास्तीने दिलेली गोळी त्यातलं एक कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. गुलेरिया म्हणाले एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्स-रे. दुसरे म्हणतात ५-१०. खरं काय? – एक वाचक, ठाणे

दोघांचं गणित वेगळं आहे. छातीच्या नेहमीच्या सीटीचा डोस ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणांचं माप). एका एक्स-रेचा ०.०२ धरला तर ७ ला भागून ३५० येतात. लो डोस सेटिंगवर सीटी एक-दीडमध्ये होतो आणि एक्स-रे ०.१ चा धरला तर १०-१५ येतात. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ३००-४०० हा आकडा जुनाट म्हणून धुडकावला, ते नव्या मशीनपुरतं बरोबर आहे, पण तुमच्या तालुक्याच्या सेंटरला कोणतं मशीन आणि कोणती सेटिंग आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. गरज असेल तर एका सीटीला घाबरू नका. पंचविशीतल्या पोराला ताप नाही काही नाही आणि हौस म्हणून काढला, तर तो कशाला?

डिस्चार्जनंतर स्कोर शून्य झाला का बघायला पंधराव्या दिवशी परत सीटी काढावा का? – एक वाचक, सांगली

नाही काढायचा. पेशंट आधी बरा होतो, चित्र मागून सुधारतं, पंधराव्या दिवशी डाग असणारच. तीन महिन्यांनीही जिना चढताना दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील. आणि दराचं म्हणाल तर कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० पासून, राज्य सरकारने ते बांधून दिले होते: १६ स्लाइसच्या (मशीन एका फेरीत किती काप टिपतं तो आकडा) आतल्या मशीनला २,००० रुपये, १६ ते ६४ ला २,५००, त्यावर ३,०००. पीपीई किट, सॅनिटायझेशन, फिल्म सगळं त्यातच यायचं, वेगळे पैसे मागितले तर पावतीवर लिहून द्या म्हणायचं.