विचारा सिस्टरताईंना : ‘मी बरा होईन ना?’ असं पेशंटने विचारलं तर

प्रश्न : ताई नमस्कार, मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) केलेली नर्स आहे, कोपरखैरण्याला एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मेल वॉर्डला. एपीएमसी मार्केटमधले एक माथाडी काका अ‍ॅडमिट आहेत, लिव्हरचं दुखणं आहे. नाईटला बीपी घ्यायला गेले की हात धरून विचारतात, सिस्टर मी बरा होईन ना, परत मार्केटला जाईन ना. मी म्हणते हो काका, टेन्शन घेऊ नका, सगळं मस्त होणार. पण रिपोर्ट मी बघितलेत, बाहेर आले की कसंतरीच होतं. खरं सांगायचा अधिकार मला नाही आणि खोटं बोलवत नाही. त्यात नाईटला आम्ही दोघीच, बसून बोलायला वेळ कुठून आणू?

उत्तर : तू लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून तू म्हणते. एक गोष्ट बघ, तू टेन्शन घेऊ नका म्हटलंस की काका गप्प होतात आणि दुसऱ्या रात्री परत तेच विचारतात, म्हणजे त्यांना उत्तर मिळालेलंच नाहीये. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली नर्सिंगवर जे लिहिलं त्यात अशा पोकळ धीर देण्यावर अख्खं प्रकरण आहे. जो येतो तो बरा होशील म्हणतो आणि आजारी माणसाला मनातलं बोलायला जागाच उरत नाही, असं तिचं म्हणणं. आपण आज वॉर्डात तेच करतो गं, आणि प्रेमापोटीच करतो.

बरा होईन ना, या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते तुला माहीत नाही. पैशाची काळजी असेल, माथाडींच्या टोळीतली जागा जाईल असं वाटत असेल, नाहीतर रात्री डोळा लागला तर सकाळी उठू का ही साधी भीती असेल. म्हणून उत्तर द्यायच्या आधी विचार, ‘काका, आज हे फार मनात येतंय का? कशाची काळजी वाटतेय?’ आणि मग गप्प बस. खरंच गप्प, मनात दहा आकडे मोज. ही शांतता आपल्यालाच जड जाते, पेशंटला नाही, तो शब्द गोळा करत असतो. ते जे बोलतील ते तुझ्या शब्दांत परत सांग, ‘म्हणजे घरच्यांचं कसं होणार याचा घोर लागलाय तुम्हाला.’ चुकलं असेल तर ते दुरुस्त करतील, बरोबर असेल तर पुढचं बोलतील.

आजाराबद्दलच विचारत असतील तर ‘डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?’ हे आधी विचार, कारण कधी त्यांना सगळं माहीत असतं, कधी घरच्यांनी काहीच कळू दिलेलं नसतं. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, पण ‘तुम्हाला हे विचारायचंय असं मी सकाळी राऊंडच्या आधी सरांना सांगते’ हे तू म्हणू शकतेस. मात्र ते हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला देतो त्या नोंदीत, लिहून ठेव आणि मॉर्निंगच्या सिस्टरला तोंडीपण सांग, नाहीतर राऊंड येतो नि जातो. आणि ‘मी सकाळपर्यंत इथेच आहे, कधीपण बेल मारा’, हे आश्वासन खरं आहे, ते बिनधास्त दे.

वेळेचं म्हणशील तर बीपी, पल्स, टेम्परेचर घ्यायला तू तिथे असतेसच ना, तेवढाच वेळ स्टूल ओढून त्यांच्या समोर बस. दारातून किंवा पाठीमागून बोलू नये, पेशंटला मान वळवावी लागणार नाही असं बसावं, हेही नाइटिंगेलने तेव्हाच लिहून ठेवलंय. अगदीच घाई असेल तर सांग, काका तीन बेड बाकी आहेत, अकराला पाच मिनिटं येते. आणि ये. येणार म्हणून न येणं हे न बोलण्यापेक्षा वाईट.

एक मात्र लक्षात ठेव. ‘आता जगून काय करू’ असं म्हणाले तर विषय बदलू नकोस, असं नाही बोलायचं काका म्हणून गप्पही करू नकोस. जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचार. विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस, त्यांना एकटं सोडू नकोस, लगेच आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) बोलाव. डिस्चार्जनंतर घरच्यांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीतपण बोलतात.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, शाळेत शिक्षिका होती, सध्या ठाण्यात अ‍ॅडमिट आहे. कमी ऐकू येतं. सिस्टर तिच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं ओरडून बोलतात आणि महत्त्वाचं सगळं तिच्या डोक्यावरून मला सांगतात. बऱ्याच सिस्टर केरळच्या आहेत. न दुखावता कसं सांगू?

उत्तर : इनचार्ज सिस्टरना शांतपणे भेटा, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. वयामुळे कान गेले की आधी बारीक, चढे आवाज ऐकू यायचे कमी होतात, त्यामुळे आवाज चढवून ओरडल्याने उलट कमी कळतं. समोर तोंड करून, खालच्या पट्टीत, सावकाश बोललं की पुष्कळ समजतं. एका कागदावर मोठ्या अक्षरात हिंदीत लिहा, ‘दाहिने कान से अच्छा सुनाई देता है, बाई कहके बुलाइए’ आणि उशाशी चिकटवा. (कान कुठला ते आईंना विचारून.) दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, लघवीला जायचंय, एवढे शब्द मल्याळी सिस्टरना आईंनीच शिकवावेत, त्या शिक्षिका आहेत, त्यांना बरंच वाटेल. आणि तुमच्यासाठी एक : सिस्टरने काही विचारलं की उत्तर तुम्ही देऊ नका, ‘तिलाच विचारा ना’ म्हणा.

प्रश्न : मी ऐरोलीला स्टाफ नर्स आहे, मला सगळे ब्रदर म्हणतात. डिस्चार्जला इन्सुलिन समजावतो, पेशंट हो हो म्हणतात आणि आठवड्याने शुगर वाढवून परत येतात. का घेतलं नाही म्हटलं की गप्प.

उत्तर : ‘का’ म्हटलं की साहेब झापतायत असं वाटतं, त्याऐवजी ‘घेताना अडचण काय येते?’ विचारा. कोणी सांगेल फ्रिज नाही, कोणी सांगेल सुईची भीती वाटते, कोणी म्हणेल डबा उशिरा येतो म्हणून डोस राहतो. आणि समजलं का, असं विचारू नका, हो शिवाय उत्तर येत नाही. ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघू, घरी गेल्यावर कसं घेणार ते मला करून दाखवा,’ असं म्हणा आणि रिकामं इन्सुलिन पेन त्यांच्या हातात द्या. जिथे अडकतील तेवढंच परत सांगा, आणि रात्री जेवण देणारी सून किंवा बायको जी कोणी असेल तिला त्याच वेळी शेजारी उभी करा.