वाटा आधी काढ

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज आणि सोबतचं बजेट दोन्ही वाचलं. खजिनदार म्हणून तुझं हे पहिलंच बजेट, आणि कौन्सिलपुढे ठराव असा की सेंट पॉल सिनॉडला, म्हणजे तुमच्या भागातल्या लुथरन मंडळ्यांच्या संघटनेला, दानातून जाणारा वाटा १० टक्क्यांवरून ५ वर आणायचा आणि वाचलेले ५ टक्के थेट टांझानियात इरिंगातल्या तुमच्या जोडीदार मंडळीला पाठवायचे. 'निदान पैसा कुठे जातो ते तरी दिसेल' असं म्हणणारी माणसं भली आहेत, म्हणून तुझी जास्तच पंचाईत झाली आहे. मिशनचं महत्त्व तुला सांगत बसत नाही, ते तुला कळतं. सरळ हिशेबाकडे येतो.

वाटा आधी काढ. खर्च भागवून उरेल त्यातून नाही. आणि त्यावर कुणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवू नकोस.

तू पाठवलेल्या बजेटात पहिली ओळ पाळकसाहेबांच्या पगाराची आहे. मग त्यांचा विमा आणि पेन्शन, मग गॅस, वीज, बर्फ काढणाऱ्याचं बिल, कॉपियरचं भाडं, छताचा निधी, आणि अगदी तळाशी 'मिशन सपोर्ट', म्हणजे हाच सिनॉडचा वाटा. तळाची ओळ म्हणजे शिल्लक, मग तिला नाव काहीही द्या. जानेवारीत बॉयलर बसला की पहिली कात्री तिलाच लागते. ती ओळ तिथून उचल आणि सगळ्यात वर ठेव. आकडा बदलण्याआधी जागा बदल. गावाकडे हंगामाच्या सणाला लोक पहिली कणसं वेदीपुढे आणतात, खळं झाडून राहिलेला भुसा आणत नाहीत. तू ते पाहत वाढलीस, तुला आणखी काय सांगू?

आता टक्केवारी. वर्षाचं नियमित दान २,१६,००० डॉलर धरू. महिन्याला १८,०००, त्याचा वाटा १,८००. पण १,८०० हा आकडा गोठवू नकोस, १० टक्के गोठव. उन्हाळ्यात लोक तळ्याकाठच्या केबिनवर जातात, जुलैचं दान १२,००० वर येतं, तर १,२००च पाठव. डिसेंबरात ३०,००० आले तर ३,०००. ठरावीक रकमेत घोळ कसा होतो ते बघ. जुलैत १,८०० जड वाटतात, खजिनदार म्हणतो पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देऊ. ऑगस्टअखेर ३,६०० होतात, सप्टेंबरअखेर ५,४००. नोव्हेंबरात कौन्सिल एका ठरावानं सगळी थकबाकी पुसून टाकते. कुणी पैसे खाल्लेले नसतात, कुणाच्या मनात वाईट नसतं, आणि तरी मिशनचे तीन महिने गेलेले असतात. म्हणून प्रत्येक महिन्याचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत गेलाच पाहिजे, तिमाहीची वाट बघायची नाही.

टक्के कशावर काढायचे, हेही तू विचारलं आहेस. ज्या दानावर देणाऱ्यानं काही लिहिलेलं नाही त्यावर: रविवारची पाकिटं, ऑनलाइन दान, थाळीतली सुटी रोकड. वर्ल्ड हंगर आणि डिझास्टर रिस्पॉन्स हे मदतनिधी, छताचा निधी, कुणाच्या स्मरणार्थ दिलेले चेक, हे सगळं वेगळ्या खात्यात ठेव. ते ज्या नावानं आलं त्या नावानंच जायला हवं. वर्ल्ड हंगरचे चेक मोजून 'बघा, १० टक्के झाले' असं दाखवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. तू तसं करू नकोस. तो लोकांनी वाट्याच्या वर दिलेला पैसा आहे, त्यानं वाट्याचं भोक बुजवायचं नाही.

या वाट्याला चेहरा नाही ही तक्रार मला ठाऊक आहे, आणि तिचा कंटाळाही आला आहे. सिनॉड आपला भाग ठेवते आणि बाकीचा शिकागोला चर्चवाईड कार्यालयाकडे, म्हणजे साऱ्या चर्चच्या मुख्य कार्यालयाकडे, पाठवते. प्रमाण प्रत्येक सिनॉडचं वेगळं ठरतं, तुमचं काय ते फोन करून विचार आणि मंडळीला सांग. अशा ६५ सिनॉड आहेत. या पैशातून पाळक घडवणाऱ्या सेमिनरींना मदत जाते, विद्यापीठांतल्या मुलांसाठी कॅम्पस मिनिस्ट्री चालते, नव्या मंडळ्यांना पहिली काही वर्षं आधार मिळतो, परदेशी मिशनरी राहतात, लुथरन वर्ल्ड फेडरेशनची वर्गणी भरली जाते. तुमचे पाळक निवृत्त झाले की नवे शोधून देणारी माणसंही याच पैशावर बसलेली असतात. त्यांच्या पगारासाठी कुणी स्मरणार्थ पाकीट देत नाही. १९८८ साली तीन चर्च एकत्र येऊन ईएलसीए, म्हणजे तुमचं आजचं अमेरिकन लुथरन चर्च, सुरू झाली तेव्हा सदस्य ५२ लाखांच्या आसपास होते, आज ३० लाखही नाहीत. कामं तीच, खांदे कमी. अशा वेळी वाटा अर्धा करायचा?

आणि इरिंगाचं म्हणशील, तर तिथूनच बोलू. सेंट पॉल सिनॉड आणि इरिंगा डायोसिस, म्हणजे तिथला लुथरन धर्मप्रांत, यांची ही मैत्री, 'बेगा क्वा बेगा', म्हणजे स्वाहिलीत खांद्याला खांदा, १९८७ पासूनची. पण त्या डोंगराळ मुलखात लुथरन काम सुरू केलं बर्लिन मिशननं. इरिंगाकडे पोमर्न नावाचं गाव आजही आहे, नाव जर्मनच. १९३९ साली युद्ध पेटलं, ब्रिटिश सरकारनं जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध केलं, जर्मनीहून येणारा पैसा तुटला. ऑगस्टाना सिनॉड, म्हणजे मिनेसोटात घट्ट मुळं धरलेलं स्वीडिश स्थलांतरितांचं चर्च, टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, १९२४ पासून काम करत होतं. त्याच्या मूठभर मिशनऱ्यांनी ती वाऱ्यावर पडलेली जर्मन क्षेत्रंही अंगावर घेतली. अमेरिकेतल्या लुथरन मंडळ्यांनी अशा 'अनाथ मिशनां'साठी पैसा उभा केला, आणि त्यात भारतातली मिशनंही होती. ज्यांच्या पाकिटातून तो डॉलर निघाला त्यांतल्या कितीकांनी इरिंगा नकाशावरही पाहिलं नसेल! ऑगस्टाना १९६२ साली एलसीए या मोठ्या लुथरन चर्चमध्ये गेली, एलसीए १९८८ साली आजच्या ईएलसीएत. तुझी कौन्सिल ज्या नात्यासाठी सामाईक वाटा कापायला निघाली आहे, ते नातं बिननावाच्या वाट्यावरच उभं राहिलं आहे.

आपल्याकडे रांचीच्या गोस्नर मंडळीचं तेच झालं. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना जावं लागलं. १० जुलै १९१९ रोजी मंडळीनं स्वायत्तता जाहीर केली, आणि पुढे आंध्रातलं अमेरिकन लुथरन मिशन मदतीला आलं. संकट येईल तेव्हा वर्गणी काढू म्हणणाऱ्यांना हे जमलं नसतं.

पौलाचंही म्हणणं हेच आहे. पहिले करिंथकर, अध्याय १६, दुसरं वचन उघड. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकानं, मिळकतीच्या मानानं बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको. तुझी सगळी हिशेबपद्धत त्या एका वचनात आहे, आणि तो पैसा जेरुसलेमच्या अशा लोकांसाठी होता ज्यांना करिंथकरांनी कधी पाहिलं नव्हतं.

इरिंगाला पाठवू नका असं मी म्हणत नाही. जरूर पाठवा, पण वाट्याच्या वर. आणि थेट पाठवण्यात काय बिघडतं ते कौन्सिलला स्पष्ट सांग. एका मंडळीचा अमेरिकन मित्र सधन निघतो, तिचं छत होतं. शेजारच्या खोऱ्यातल्या मंडळीला मित्रच नसतो, ती बघत राहते, आणि कुणाची गरज आधी हे ठरवणारी डायोसिस बाजूला पडते. इकडे पाळक बदलले की उत्साह ओसरतो. तिथल्या मुलीची माध्यमिक शाळा फॉर्म वन ते फॉर्म फोर, चार वर्षांची. दोन वर्षं फी भरून तुम्ही थांबलात तर ती फॉर्म थ्रीमध्ये लटकते. म्हणून शिष्यवृत्ती कबूल करण्याआधी चारही वर्षांची रक्कम डोळ्यांपुढे ठेवा, आणि पैसा 'बेगा क्वा बेगा'च्या मार्गानंच जाऊ दे.

तुमच्या तळघरात बायका लुथरन वर्ल्ड रिलीफ या मदतसंस्थेची पर्सनल केअर किट बांधतात ना, एकदा शेजारी बसून नीट बघ. एक पातळसा अंघोळीचा टॉवेल, शक्यतो गडद रंगाचा. साबणाच्या दोन-तीन वड्या, मिळून ८ ते ९ औंस, कागदासकट. मोठ्यांचा एक टूथब्रश, मूळ पाकिटातच. एक मजबूत कंगवा आणि धातूचं नेलकटर, ही दोन्ही मात्र पाकिटातून काढून. सगळं टॉवेलात गुंडाळायचं आणि रिबिनीनं किंवा लोकरीनं घट्ट बांधायचं. बस. टूथपेस्ट नाही, खेळणं नाही, आपलं प्रेमाचं कार्डही नाही. रांगेत उभ्या असलेल्या दोघींना सारखंच मिळालं पाहिजे, एकीच्या किटात जास्तीचं निघालं तर दुसरीला काय वाटेल? त्या बायकांना हे पटलेलं आहे, त्या कुरकुर करत नाहीत. देणाऱ्याची हौस गाठीच्या बाहेर राहते म्हणून ती गाठ उपयोगी पडते. मग पैशाच्या बाबतीतच आपण 'मला दिसलं पाहिजे' म्हणून का अडून बसतो?

मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. ऑर्गनसाठी, गालिच्यासाठी, विम्याच्या हप्त्यासाठी खजिनदाराला नमतं घ्यावं लागतं. मीही घेतलं, आणि त्यातलं बरंचसं विसरलो. वाट्यावर नमतं घेतलं ते मात्र एकही विसरलेलो नाही. तेव्हा तुझ्याशी गोड बोलून ही गोष्ट मी सोडून देणार नाही.

मीटिंगमध्ये लांबण लावू नकोस. एकच छापील पान ने: वर मिशन सपोर्ट, खाली बाकी सगळं, आणि मागच्या बारा महिन्यांचं दान व त्यातून प्रत्यक्ष गेलेला वाटा शेजारी-शेजारी. उलट ठराव मांड: १० टक्के कायम, दरवर्षी अर्धा टक्का वाढ, आणि इरिंगासाठी वेगळं पाकीट ईस्टरपासून. एकदम १५ टक्क्यांची उडी सुचवू नकोस, दुसऱ्याच वर्षी घसरते. 'आधी छत होऊ दे' असं कुणी म्हणेलच. छताचा निधी वेगळा आहे आणि त्याला वेगळी पाकिटं येतात, एवढं सांग आणि गप्प राहा.

ठराव झाला की सिनॉडचं हेतूपत्रक, म्हणजे किती वाटा देणार ते कळवणारा कागद, त्याच आठवड्यात भर, जानेवारीच्या वार्षिक सभेपर्यंत ठेवू नकोस. सिनॉडनं तुमच्या आकड्यावर स्वतःचं बजेट बांधायचं असतं. सभेत आकडा बदलला तर सुधारित पत्रक पाठवता येतं. दर महिन्याच्या चेकबरोबर फॉर्म जोड, मिशन सपोर्ट आणि नावानं आलेला पैसा वेगवेगळ्या ओळींत लिही, आणि मंडळीचा पाच आकडी क्रमांक घाल. एकाच नावाच्या मंडळ्या ढीगभर असतात, क्रमांक नसला की पैसा भलत्याच खात्यावर चढतो.

मीटिंग मंगळवारी ना? ते पान सोमवारी रात्रीपर्यंत मला पाठव. आकडे एकदा बघून देतो.

तुझा,
काका